परका कोणास म्हणावे?

वऱ्हाडच्या दक्षिण सीमेवर, पैनगंगेच्या खोऱ्यात, रिसोड हे बाजारपेठेचे गाव वसलेले आहे. तेथून काही कोस दक्षिणेस गेले म्हणजे सेनगाव तालुका लागतो आणि मराठवाडा सुरू होतो. अलीकडे आणि पलीकडे जमीन तीच, बोली बहुतेक तीच, आणि सोयरिकीही पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत होत आलेल्या. तथापि १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले, तेव्हापासून १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत, ही दोन निराळ्या कारभारांची हद्द होती. पलीकडचा उमेदवार अलीकडच्या कचेरीत परका, आणि अलीकडचा पलीकडे परका. रिसोडात १९४० साली जन्मलेला मनुष्य जन्माने मध्यप्रांत-वऱ्हाडचा. १९५० साली तो मध्यप्रदेशाचा झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचा, १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा. आणि १ जुलै १९९८ रोजी त्याचा जिल्हाही अकोल्याऐवजी वाशीम झाला. एवढ्या अवधीत त्याने आपले घर एकदाही बदलले नसेल.

बाहेरून येणाऱ्यांची संख्या किती असू द्यावी, हा वाद आज जगातील अनेक लोकशाही राष्ट्रांच्या निवडणुकांत धुमसत आहे. भारतात तो राष्ट्राच्या सीमेइतकाच प्रांतांच्या सीमांवरही चालतो. वरवर पाहता हा वाद संख्येचा आहे. परंतु निवडणुकीच्या सभेत संख्या क्वचितच ऐकू येते. तेथे ऐकू येते ते एखादे आडनाव, एखादा पेहराव, बोलण्याची एखादी ढब. ‘किती’ या प्रश्नाचे रूपांतर ‘कोण’ या प्रश्नात कसे होते आणि ते कोण घडवून आणतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने आरंभ वाशीमपासूनच करावा हे सोयीचे.

जानेवारी १९८० मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. तीत वाशीम मतदारसंघातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून गुलाम नबी आझाद निवडून आले. त्यांचा जन्म जम्मू-काश्मीरमधील डोडा भागातल्या एका डोंगरी खेड्यातला, आणि वय त्या वेळी अवघे तीस वर्षांचे. वऱ्हाडाशी त्यांचा जन्माचा किंवा भाषेचा संबंध नव्हता. तरीही १९८४ साली याच मतदारसंघाने त्यांना पुन्हा दिल्लीस पाठविले. त्यापूर्वी, १९७७ साली, येथून वसंतराव नाईक निवडून गेले होते. ते शेजारच्या पुसदचे आणि अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले. म्हणजे घरचा माणूस कसा असतो याची मतदारांना ओळख नव्हती असे मुळीच नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. ज्या काळात वाशीमचा शेतकरी काश्मीरच्या तरुणास मत देत होता, त्या काळात त्या शेतकऱ्यास काश्मिरात एक गुंठाही जमीन विकत घेता येत नव्हती, आणि तेथील विधानसभेसाठी उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता. त्या संस्थानात १९२७ पासून राज्याच्या मूळ रहिवाशांची कायदेशीर व्याख्या होती. पंजाबातून येणारे लोक सरकारी जागा अडवितात ही काश्मीरमधील सुशिक्षित वर्गाची, विशेषतः तेथील पंडितांची, तक्रार तिच्या मुळाशी होती. ही व्याख्या स्वातंत्र्यानंतरही टिकली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये संपुष्टात आली. आझाद यांस या विसंगतीबद्दल दोष देण्याचे कारण नाही; ती व्यवस्था त्यांनी निर्माण केलेली नव्हती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, वाशीमच्या मतदाराने ‘हा कोठला?’ हा प्रश्न त्या दोन निवडणुकांत निर्णायक मानला नाही.

असे का झाले असावे? त्या निवडणुकीच्या प्रचारात प्रश्न मांडला गेला होता तो दिल्लीत स्थिर सरकार कोण देईल हा. मतदार मतदानकेंद्रात गेला तेव्हा त्याच्या मनात इंदिरा गांधी होत्या. उमेदवाराचे जन्मगाव नव्हते. शिवाय एक साधी गोष्ट अशी की, बाहेरून आलेला हा एकच मनुष्य होता आणि तो हात जोडून मते मागावयास आला होता. मतदाराच्या मुलाने ज्या तलाठ्याच्या किंवा शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला असेल, त्या जागेसाठी तो आलेला नव्हता. वरच्या पायरीवरचा परका सहसा डोळ्यांत सलत नाही. सलतो तो आपल्याच पायरीवर येऊन उभा राहणारा.

याचे प्रत्यंतर पैनगंगेपलीकडच्या त्याच हैदराबाद संस्थानात मिळते. उत्तर हिंदुस्थानातून आलेले शिकलेले लोक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या कारभारात मोठ्या जागांवर बसले. त्यामुळे ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ असे दोन शब्द तेथील राजकारणात रूढ झाले. १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकरीसाठी मुलकी असणे आवश्यक ठरले, आणि मुलकी ठरण्यासाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य व परत न जाण्याची प्रतिज्ञा अशी अट घातली गेली. पुढे संस्थान गेले. शब्द मात्र गेले नाहीत. १९५२ साली हैदराबाद आणि वरंगळ येथील विद्यार्थी ‘गैरमुलकी परत जा’ म्हणून रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर लखनौचे गृहस्थ नव्हते. मद्रासकडून, आंध्राच्या किनाऱ्यावरून आलेले शिक्षक व कारकून होते. हे आलेले लोक तेलुगूच बोलत होते. म्हणजे भाषा एक असूनही परकेपण शिल्लक राहिले. मराठी माणसाने हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण भाषा एक झाली म्हणजे हा प्रश्न मिटला असे त्यास पुष्कळदा वाटते.

या मुलकी प्रकरणाचा एक उपप्रसंग विदर्भापर्यंत येऊन पोहोचतो. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरविले, आंध्र किनाऱ्यावर त्याविरुद्ध आंदोलन उसळले, आणि त्या वादळात जानेवारी १९७३ मध्ये मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांस पद सोडावे लागले. ते स्वतः तेलंगणाचे. म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांच्या दृष्टीने ते एका पक्षाचे ठरले होते. हेच गृहस्थ १९८४ साली लोकसभेस दोन ठिकाणी उभे राहिले. आपल्या मुलखातील हनमकोंड्यास ते पडले. नागपूरजवळच्या रामटेकने त्यांस निवडून दिले, आणि १९८९ साली पुन्हा निवडून दिले. घरी हरलेला मनुष्य परमुलखात जिंकला. रामटेकच्या मतदाराने मुलकी नियमांविषयी काही ऐकले असेल असे वाटत नाही, आणि ऐकले असते तरी त्याने ते मनावर घेतले नसते.

मुंबईची गोष्ट याहून अधिक परिचित आहे. परंतु ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. १९६१ च्या खानेसुमारीत बृहन्मुंबईची वस्ती सुमारे साडेएक्केचाळीस लाख भरली. मराठी मातृभाषा असणारे शेकडा त्रेचाळीसच्या आसपास होते आणि शहराबाहेर जन्मलेले जवळजवळ दोन-तृतीयांश. या बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा समुदाय महाराष्ट्राच्याच जिल्ह्यांतला, कोकण व घाटावरचा होता. गुजराती बोलणारे शेकडा एकोणीस होते. तामिळ, तेलुगू, मल्याळम, कानडी, तुळू अशा साऱ्या दाक्षिणात्य भाषा बोलणारे एकत्र केले तरी ते शेकडा दहाच्या आतच राहत. निव्वळ संख्येच्या तराजूने तोलले असते तर दाक्षिणात्यांच्या आधी कितीतरी इतरांकडे बोट दाखवावे लागले असते.

तरीही १९६६ साली बोट वळले ते दाक्षिणात्यांकडेच. त्याचे कारण कचेरीच्या खोलीत शोधले पाहिजे. मॅट्रिक होऊन, थोडे टंकलेखन शिकून, फोर्टातील एखाद्या कंपनीत चिकटण्याची आशा धरणारा गिरगाव-परळ-दादरचा मराठी तरुण ज्या खुर्चीकडे पाहत होता, त्या खुर्चीवर इंग्रजी लघुलेखनात तयार झालेला मद्रासकडचा तरुण बसलेला त्यास दिसे. गुजराती मनुष्य दुकानाचा किंवा गिरणीचा मालक होता. त्याच्याकडून नोकरी मिळविता येत होती. उत्तरेकडचा भय्या दूध घालीत होता किंवा हमाली करीत होता. ते काम सुशिक्षित मराठी तरुणास नकोच होते. खुर्ची एक आणि इच्छुक दोन, ही स्थिती फक्त दाक्षिणात्याच्या बाबतीत होती.

ही ठसठस प्रचाराच्या भाषेत कशी उतरली, हा त्या काळातील सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. बाळ ठाकरे यांचे ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र-साप्ताहिक १९६० पासून निघत होते. त्यात मोठमोठ्या कंपन्यांतील व सरकारी कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या. नावे बहुतांशी दाक्षिणात्य. मथळा ‘वाचा आणि थंड बसा’. पुढे तोच मथळा ‘वाचा आणि उठा’ असा झाला. याद्यांची सामग्री पुष्कळशी टेलिफोनच्या डिरेक्टरीतून मिळत असे, म्हणजे ती कोणासही उपलब्ध होती. एवढ्या साध्या साधनाने जे झाले ते एखाद्या अर्थशास्त्रज्ञाच्या अहवालाने झाले नसते. यादी खोटी नसे. परंतु त्या कचेरीत एकंदर माणसे किती, त्यांत मराठी किती, हलक्या जागांवर कोण, हे यादी सांगत नसे. बेरीज वाचणाराच करी, आणि स्वतः केलेल्या बेरजेवर मनुष्याचा जितका विश्वास बसतो तितका दुसऱ्याने करून दिलेल्या बेरजेवर बसत नाही. जिभेवर न वळणारी ती आडनावे एकाखाली एक छापली म्हणजे त्यांच्यातील तामिळ, मल्याळी, कानडी हे भेद पुसले जात आणि उरे तो एकच ‘मद्रासी’. लवकरच लुंगी हे वस्त्र घोषणेत शिरले. यादीला चेहरा मिळाला, चेहऱ्याला पेहराव मिळाला. मग संख्येची कोणास आठवण राहिली नाही.

१९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. ठाण्याच्या नगरपालिकेत तिने १९६७ साली यश मिळविले आणि १९६८ च्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत, प्रजासमाजवादी पक्षाशी हातमिळवणी करून, तिचे बेचाळीस उमेदवार निवडून आले. या यशाच्या मधोमध १९६७ ची लोकसभेची निवडणूक येते, आणि प्रचाराची शक्ती व तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी तीत एकाच वेळी पाहावयास मिळतात.

ईशान्य मुंबईतून त्या वेळी व्ही. के. कृष्ण मेनन अपक्ष म्हणून उभे होते. ते मूळचे केरळातले. १९५७ व १९६२ साली उत्तर मुंबईने त्यांना मोठ्या उत्साहाने निवडून दिले होते. १९६२ साली तर आचार्य कृपलानींसारख्या मातब्बर प्रतिस्पर्ध्यास त्यांनी हरविले होते. दहा वर्षांत त्यांच्या जन्मस्थानाविषयी ज्यांनी विचारले नव्हते त्यांनी १९६७ साली विचारले. काँग्रेसने तिकीट नाकारताना ते मुंबईचे नव्हेत हे कारण पुढे केले. शिवसेनेने तर त्यांच्याविरुद्ध आपली सारी शक्ती लावली. काँग्रेसचे स. गो. बर्वे निवडून आले. बर्वे यांचे लवकरच निधन झाले, पोटनिवडणूक लागली, आणि तीतही मेनन यांचा बर्वे यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी पराभव केला. चीनकडून १९६२ साली झालेल्या पराभवाचा कलंकही मेनन यांच्या माथी होता, हे विसरून चालणार नाही. एकट्या परकेपणाने ते पडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

त्याच निवडणुकीत, त्याच शहरात, दक्षिण मुंबईतून रेल्वेमंत्री स. का. पाटील उभे होते. कोकणातले मराठी गृहस्थ, मुंबई काँग्रेसचे अनेक वर्षांचे सूत्रधार. त्यांच्यासमोर होते मंगळूरहून पोटासाठी मुंबईस आलेले आणि हमाल, टॅक्सीचालक, पालिकेचे कामगार यांच्या संघटना बांधलेले जॉर्ज फर्नांडिस. भूमिपुत्राच्या कसोटीने पाहता निकाल उघड होता. परंतु फर्नांडिस यांच्या प्रचाराने ती कसोटी येऊच दिली नाही. भिंतीभिंतींवर एवढेच सांगितले गेले की, स. का. पाटील यांस हरविणे मतदाराच्या हातात आहे. त्यामुळे ‘कोण कोठला’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘हा बलाढ्य मनुष्य पडू शकतो काय’ हा प्रश्न पुढे आला. पाटील पडले. मंगळूरचा मनुष्य निवडून आला, तोही मराठी बोलून.

एकाच शहरातील मराठी मतदारांनी एकाच महिन्यात एका दाक्षिणात्यास पाडले आणि दुसऱ्यास निवडले. त्यांची मते एका रात्रीत बदलली असे नव्हे. माणसाच्या मनात एकाच वेळी पुष्कळ प्रश्न असतात: नोकरीचा, भाडे-किमतींचा, भाषेचा, मानाचा, मोठ्या माणसाची खोड मोडण्याच्या इच्छेचाही. त्यांतला कोणता प्रश्न मतपेटीपर्यंत त्याने बरोबर न्यावा, हे ठरविण्यात प्रचाराचे यश असते. अलीकडच्या काळात जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन या अमेरिकन अभ्यासकांनी तेथील प्रचारावरील एकूणपन्नास प्रत्यक्ष प्रयोगांचा आढावा २०१८ साली प्रसिद्ध केला. सार्वत्रिक निवडणुकीत घरोघरी जाऊन किंवा पत्रके पाठवून मतदाराची निवड बदलण्याचा परिणाम सरासरीने शून्याच्या आसपास येतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मन वळविण्याच्या कलेचा एवढा गाजावाजा होत असता हा निष्कर्ष प्रथम चमत्कारिक वाटतो; १९६७ च्या मुंबईकडे पाहिले म्हणजे तो तितका चमत्कारिक राहत नाही.

आता त्या खुर्चीकडे पाहणाऱ्या तरुणाविषयी. त्याचे दुःख खोटे होते असे म्हणून त्याची वाट लावणे हा सुशिक्षितांचा आवडता अन्याय आहे. बड्या खासगी कंपन्यांच्या वरच्या जागांवर मराठी माणसे थोडी होती, ही वस्तुस्थिती होती. ओळखीने भरती होत होती, आणि ज्याच्या गावचा मनुष्य आत बसला आहे त्यास ओळख असे. निर्बंधाच्या विरोधकांनी या तरुणास उत्तर दिले ते राज्यघटनेचे: भारताच्या कोणत्याही भागात जाण्याचा, वसण्याचा व व्यवसाय करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. उत्तर अगदी बरोबर होते, पण टंकलेखनाची परीक्षा देऊन घरी बसलेल्या मुलास त्याचा उपयोग नव्हता. पुढे स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांत मराठी उमेदवारांची भरती व्हावी म्हणून पाठपुरावा केला, परीक्षांसाठी मार्गदर्शन केले. त्यातून कित्येक घरांत पहिला पांढरपेशा पगार आला. हे काम टिकाऊ झाले. उडप्यांच्या हॉटेलांवर जे दगड पडले त्यांनी मात्र एकही खुर्ची रिकामी केली नाही.

निर्बंधाचे समर्थक जे बोलतात त्यात वेगाचा मुद्दाही असतो, आणि तो खरा आहे. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात बोस्टन नावाचे शेतीप्रधान गाव आहे. भाजीपाल्याच्या शेतांवर व कारखान्यांत काम करण्यासाठी पूर्व युरोपातील माणसे २००४ नंतर तेथे इतक्या झपाट्याने आली की, दहा वर्षांत गावातील परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. २०१६ साली युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही यावर लोकमत घेतले गेले तेव्हा बोस्टनने शेकडा पंचाहत्तरांहून अधिक मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. देशातील हे सर्वांत मोठे प्रमाण. लंडनमध्ये परदेशी जन्मलेल्यांची संख्या बोस्टनपेक्षा कितीतरी अधिक, पण तेथे शेकडा साठ लोक उलट बाजूस गेले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गर्दीची ज्यास सवय आहे त्यास आणखी दोन माणसे आलेली कळतही नाहीत. ज्याच्या शाळेत, दवाखान्यात आणि भाड्याच्या खोल्यांत पाच वर्षांत सर्व बदलले, त्यास कळते. त्याला अज्ञानी म्हणणे सोपे आहे. त्याच्या दवाखान्यात डॉक्टर वाढविणे अधिक खर्चाचे.

परंतु संख्याही निर्मळ नसते, हे समर्थकांनीही कबूल केले पाहिजे. अमेरिकेने १९२१ साली कायदा करून प्रत्येक देशातून येणाऱ्यांची मर्यादा ठरविली ती १९१० च्या खानेसुमारीत त्या देशाचे जे लोक होते त्यांच्या शेकडा तीन अशी. १९२४ साली नवा कायदा झाला. प्रमाण शेकडा दोनवर आणले, ते ठीक. पण त्याबरोबर आधाराचे वर्षही १९१० ऐवजी १८९० धरले. का, तर १८९० साली इटालियन व पूर्व युरोपीय लोक अमेरिकेत थोडे होते. इटलीचा वाटा वर्षाकाठी सुमारे बेचाळीस हजारांवरून चार हजारांच्याही खाली आला. कायद्यात कोणत्याही जमातीविरुद्ध एक वाक्य न घालता केवळ एका सालाची निवड करून हे साधले.

संख्या सांगून मत बदलते असेही दिसत नाही. अल्बेर्तो अलेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली सहा देशांतील लोकांना विचारले, तेव्हा सर्वत्र लोकांनी परदेशांतून आलेल्यांचे प्रमाण फार फुगवून सांगितले. अमेरिकेत शंभरांत दहा असता सरासरी अंदाज छत्तिसाच्या घरात होता. त्यांस खरा आकडा सांगितल्यावरही त्यांच्या धोरणविषयक मतांत फारसा फरक पडला नाही. ‘मार्मिक’च्या वाचकास १९६६ साली कोणी खानेसुमारीचा तक्ता वाचून दाखविला असता तर त्याचाही निकाल असाच लागला असता.

कायद्याने या प्रचारास कितपत लगाम घातला आहे, हेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा रहिवास या कारणावरून भेदभाव करता येत नाही; रहिवासाची अट घालावयाची झाल्यास तो अधिकार फक्त संसदेचा. उलट, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात निवडणुकीतील भ्रष्ट आचाराची जी यादी आहे तीत धर्म, वंश, जात, जमात आणि भाषा यांच्या नावाने मते मागणे निषिद्ध आहे. जन्मस्थान हा शब्द त्या यादीत नाही. म्हणून ‘त्याची भाषा वेगळी, त्यास मत देऊ नका’ असे म्हणणारा उमेदवार कायद्याच्या कचाट्यात सापडेल. ‘तो येथला नाही’ असे म्हणणारा बहुधा सुटेल. व्यवहारात ही दोन वाक्ये एकाच तोंडातून, एकाच अर्थाने निघतात.

मुंबईत पुढे चेहरा बदलला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या खिळखिळ्या झाल्या, कचेऱ्यांतील टंकलेखनाच्या खुर्च्याही काळाबरोबर गेल्या, आणि २००८ साली रोष उत्तर भारतीयांवर वळला. नाशिक-पुण्याकडील कारखान्यांतून मजूर रातोरात निघून गेले आणि मालकांना माणसे मिळेनात. जानेवारी २०१० मध्ये मुंबईतील टॅक्सीच्या नव्या परवान्यांसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची व मराठी ज्ञानाची अट सरकारने पुढे केली तेव्हा मोठा गदारोळ झाला. पंधरा वर्षे! निजामाच्या फर्मानातला आकडा एक्क्याण्णव वर्षांनी जसाच्या तसा परत आला होता.

हा सर्व वाद रिसोडात ऐकला जातो तो मात्र दोन कानांनी. वाशीम हा पावसावर अवलंबून असलेल्या शेतीचा जिल्हा. सोयाबीन, तूर, थोडा कापूस. केंद्र सरकारने २०१८ साली मागास म्हणून निवडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे होते त्यांत तो एक. येथून माणसे बाहेर जातात: शिकलेला मुलगा हिंजवडीस, न शिकलेला पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर किंवा ऊसतोडीस, आणि एखाद्या घरची मुलगी नवऱ्यामागोमाग अमेरिकेस. मुंबईच्या सभेतील ‘भूमिपुत्र’ हा शब्द त्या मुलास आपलासा वाटतो. पुण्यात घरमालक ‘कोठले तुम्ही? विदर्भाकडचे काय?’ असे विचारतो तेव्हा तोच मुलगा क्षणभर परका होतो. आणि अमेरिकेतील निवडणुकीत तंत्रज्ञांच्या परवान्यांवर मर्यादा घालण्याची भाषा निघाली की त्याच घरची मुलगी ‘किती येऊ द्यावे’ या संख्येतील एक आकडा होते. एकाच जेवणाच्या पंगतीला बसणाऱ्या कुटुंबात वादाच्या तिन्ही बाजू हजर असतात, आणि वडील माणसे बातम्या पाहताना कोणत्या बाजूने बोलतील हे त्या दिवशी कोणाचा फोन आला यावर पुष्कळदा अवलंबून असते.

देशातील स्थलांतराचे एकंदर चित्रही सभांतील चित्राहून फार निराळे आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे जन्मगाव किंवा पूर्वीचे गाव सोडून आलेले लोक भारतात सुमारे पंचेचाळीस कोटी होते. राज्याची सीमा ओलांडून आलेले त्यांतील केवळ साडेपाच कोटींच्या आतबाहेर. स्थलांतराचे सर्वांत मोठे एकच कारण म्हणजे लग्न; निम्म्याच्या जवळपास स्थलांतरे त्याच कारणाने झालेली, आणि ती करणाऱ्या बहुतेक सर्व स्त्रिया. सेनगावची मुलगी सून म्हणून रिसोडास येते, रिसोडची मेहकरला जाते. या कोट्यवधी ‘बाहेरून आलेल्यांची’ यादी कोणत्याही साप्ताहिकाने कधी छापली नाही.

राहता राहिला तो जाणारा मनुष्य स्वतः, ज्याच्याविषयी ही सारी भाषणे होतात. पुण्यात बांधकामावर असलेल्या रिसोडच्या मजुराचे नाव बहुधा रिसोडच्याच मतदारयादीत असते. जेथे त्याच्याविरुद्ध किंवा त्याच्या नावाने बोलले जाते तेथे त्यास मत नाही. जेथे मत आहे तेथे तो मतदानाच्या दिवशी हजर नसतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तीस कोटींहून अधिक मतदारांनी मतदान केले नाही, आणि स्थलांतर हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे निवडणूक आयोगानेच सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदानाच्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक राजकीय पक्षांपुढे ठेवण्याची तयारी केली. एकाच केंद्रावरून बहात्तर मतदारसंघांची मते घेता यावीत अशी त्याची रचना होती. स्थलांतरित कोणास म्हणावे याची व्याख्या नाही, त्यांची मोजदाद नाही, परराज्यात आचारसंहिता कशी लावावयाची हे ठरलेले नाही, अशा हरकती विरोधी पक्षांनी घेतल्या. त्या अगदीच निराधार होत्या असे नाही. यंत्र वापरात आले नाही. २६ एप्रिल २०२४ रोजी अकोला लोकसभा मतदारसंघात, ज्यात रिसोडचा विधानसभा मतदारसंघ मोडतो, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. दोन्ही वेळा ज्यास मत द्यावयाचे होते त्याने रजा काढून, एस्‌. टी.चे भाडे पदरचे भरून, रिसोडपर्यंत यावयाचे अशीच व्यवस्था होती.